वर्षालीची केबिन बॅग

अमरावती,
६ ऑक्टोबर २०२४

ती. अकोल्याच्या आईंना,
हर्षाचा वाकून नमस्कार.

व्हिसा आला! काल कुरियरवाल्याच्या मोबाइलवर मी कणकेच्या बोटानंच सही केली. सासऱ्यांनी पासपोर्ट उलटापालटा करून पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "या ओमप्रकाशच्या घरातली पहिली बाई विमानात बसणार." बोलून गेले आणि पासपोर्ट माझ्या हातात देऊन आत गेले. मलाही कळलं. पहिली बसायची होती ती वर्षालीताई.

फोनच केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि वर्षालीताईंचे भाऊ, आपले धर्मेंद्रभाऊ, मध्ये बसून माझं प्रत्येक वाक्य तुम्हाला ओरडून सांगतात, ते सगळ्या गल्लीला कळतं. त्यापेक्षा कागद बरा. शाळेतल्या मैत्रिणी मला हसतात, म्हणतात, सवतीच्या आईला कोण पत्रं लिहितं गं? मी म्हणते, आमच्याकडे लिहितात. पहिलीच्या आईनं दुसरीची ओटी भरली की दुसरीही तिचीच लेक. मला तर दोन माहेरं मिळाली, वलगाव आणि अकोला. जळा म्हणावं!

आता ऐका तुमच्या जावयाचा, रोहितचा पराक्रम. नॉर्वेला जायला एक सरळ तिकीट काढावं की नाही? नाही. स्वस्त पडतं म्हणून चार तुकडे, चार कंपन्या. नागपूर ते दिल्ली एक, दिल्लीहून युरोपातल्या एका मोठ्या शहरात दुसरी, तिथून ओस्लो तिसरी, आणि ओस्लोहून त्याच्या त्या मासे गोठवणाऱ्या गावाला चौथी. मोठी बॅग घेतली तर प्रत्येक ठिकाणी बाहेर येऊन ती पट्ट्यावरून उचला आणि पुन्हा रांगेत लागा. म्हणून फक्त हातातली बॅग न्यायची. आणि तिचे नियम तरी एक असावेत! पहिलीचे सात किलो. दुसरीचे आठ, पण पर्ससुद्धा त्यातच धरणार. तिसरी दहा देते, मात्र बॅग त्यांच्या लोखंडी पिंजऱ्यात चाकांसकट बसली पाहिजे, नाही बसली तर भांडण. चौथं विमान इतकं पिटुकलं, की बॅग आत नेऊच देत नाहीत, शिडीपाशी काढून घेतात आणि माणसालाही काट्यावर उभं करतात. मी रोहितला म्हटलं, मी काय वांगं आहे? तो म्हणे, सगळ्यात कडक नियम धर आणि सात किलोत संसार बसव.

सात किलोत वाळवणाचे सरगुंडे बसवू, तिखट बसवू की स्वतःला? ठेचा नेता येत नाही म्हणे, तो पातळात धरतात. आमच्या ठेच्याला पातळ म्हणणाऱ्याचं तोंड पाहायचंय मला.

खरं विचारायचं आहे ते टाकाचं. लग्नात तुम्ही वर्षालीताईंचा, त्यांचं तोंड उमटवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, जीव आहे तोवर काढायचा नाही, आंघोळीलाही नाही. हा गळ्यात आहे तोवर ती तुझी बहीण, तिचा मान तिला आणि तुझा संसार तुला. मी आजपर्यंत काढलेला नाही. आता रोहित म्हणतो, विमानतळावर मशीन वाजेल. मंगळसूत्र चालतं म्हणे, मग टाकानंच काय घोडं मारलंय? तुम्ही सांगाल तसं करेन.

तुमची,
हर्षा


अकोला,
१२ ऑक्टोबर

चि. हर्षाले,
अकोल्याच्या मायचे आशीर्वाद.

तुहा कागद धर्मेंद्रनं वाचून दाखवला, मंग मी बी चष्मा लावून वाचला. लय खुशी झाली. अन् खोटं काहून सांगू, वर्षाली बी डोयापुढं आली. असंच तिचं बी तिकीट आलं होतं.

तुले कोणी सांगितलं नसन, म्हणून मी सांगतो. वर्षालीनं हे सारे नियम पाठ केले होते. मी शेवंतीचे हार गुंफत बसो, अन् ते बाजूले बसून वाचे. माय, पंचावन्न लांब, चाळीस रुंद. माय, हँडल बी मोजतात. टेलरची पट्टी आणून तिनं बाजारातल्या साऱ्या बॅगा मोजल्या, दुकानदार कदरला बिचारा. एक जांभळी बॅग पसंत केली. भरली बी. अन् त्या वर्षीच्या दसऱ्याच्या टायमाले ताप आला, दवाखान्यात नेली, ते चालत गेली अन् चौघांच्या खांद्यावर आली. रोहित तथून पोचला तवा राख सावडून झालती.

ते बॅग अजून माह्या अलमारीवर हाये. भरलेली. कुलूप बी मी उघडलं नाही. हर्षा, ते तू घेऊन जाय. नवी घ्यायची काय गरज? साऱ्या कंपन्यायच्या मापात बसते, तिनं मोजून घेतली हाये. धर्मेंद्र परतवाड्याले फुलं घेऊन जाणार हाये, तवा अमरावतीले तुह्या घरी देऊन देईन.

अन् टाकाचं म्हणशीन त काढून ठेव. मंगळसूत्र त्या लोकायले समजते, टाक समजत नाही. गळ्यात चांदीचं माणूस पाह्यलं का बाजूले घेऊन विचारत बसतात, तुहं विमान जाईन निघून. काढ अन् बॅगेत ठेवजो, आतल्या खिशात, हळदीच्या तांदळात. मी तिची माय हावो, मी म्हणतो त दोष लागत नाही.

सासऱ्याले रामराम सांगजो.

तुही आई,
बेबी


अमरावती,
२३ ऑक्टोबर

ती. आईंना,
नमस्कार.

बॅग मिळाली. धर्मेंद्रभाऊ चहासुद्धा न घेता गेले, बॅग दारात ठेवली आणि म्हणाले, "ताई, सांभाळून, जड आहे."

तुमची परवानगी होती म्हणून कुलूप उघडलं. आत एक निळा हातानं विणलेला स्वेटर, दोन साड्या, एक कुर्ता, केसांना लावायच्या पिना आणि तिळाचं तेल, तेही बरोबर नियमाएवढ्या बाटलीत. मला रडू आलं, आई. किती नीट घड्या घातल्या होत्या. मी त्या सगळ्या तुमच्यासाठी बाजूला काढल्या आणि रिकामी बॅग घरच्या काट्यावर ठेवली, म्हटलं बॅगेचंच वजन किती ते कळू दे.

सात किलो.

मी म्हटलं, काटा गेला. सासऱ्यांचा काटा, त्यावर ते सकाळी उभे राहतात आणि रोज चिडतात. मग वलगावला गेले, तेव्हा बॅग सोबत नेली. आमच्या बाबांचा काटा तुम्ही पाहिलाय, त्यावर फ्लॉवरची पोती मोजतात आणि व्यापारीसुद्धा वाद घालत नाहीत. बाबांनी आधी पाच किलोचं वजन ठेवलं, पाच दाखवलं. मग बॅग ठेवली, रिकामी. सात. बाबांनी अस्तर चाचपलं, चाकं फिरवून पाहिली, उलटी करून झटकली. पुन्हा सात. वर्षालीताईंचे कपडे परत भरले. तरी सात! ते सगळे काढून माझे दोन ड्रेस ठेवले, लगेच आठच्या वर गेली.

बाबांनी विचारलं, "पोरी, ही बॅग कोणाची?" मी सांगितलं. आमचे बाबा, देवानंद, कुणाला भिणारे नाहीत, पण ते सरळ हात धुवायला गेले. आणि आमच्या आईनं, जमुनाबाईनं, ती बॅग घरात घेऊच दिली नाही. अंगणात ठेवायला लावली आणि मला म्हणाली, "टाक गळ्यात आहे ना? मग झालं. तो काढू नको." तुम्ही काढायला सांगितलंय, हे तिला सांगितलं नाही.

आई, मी शिकलेली बाई आहे, सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवलंय. मला या बॅगेची भीती वाटते. राग मानू नका, मी दुसरी बॅग घेऊ का? ही तुमच्याकडे परत पाठवते, वर्षालीताईंच्या कपड्यांसकट. आणि टाकही राहू देते गळ्यात. काढायला हात नेला की हात तसाच मागे येतो.

तुमची,
हर्षा


अकोला,
२८ ऑक्टोबर

चि. हर्षाले आशीर्वाद.

अवं भैताडे, काट्याले काय भेतं? आमच्या इथं ओलं फूल अन् कोरडं फूल, रोज काटा येगळं बोलते. एवढी शिकली अन् बॅगेले भ्याली!

दुसरी घेशीन त मी काय अडवणार हावो? घे. पण माही एक गोष्ट आयक. मले एकच पोरगी होती. जाईन जाईन म्हणत गेली नाही. तिचं सामान तरी जाऊ दे. तिचा सोटर तथी दोरीवर वाळू दे. मले एकदा वाटू दे का माही वर्षाली घरी पोचली, मंग मी बी निवांत डोये मिटीन. तुहे कपडे रोहित तथी घेऊन देईन, नवे. तू अंगावरच्या कपड्यानं जाय, अन् बॅगेत तिचंच राहू दे. सातच्या वर जाणार नाही, माहा शब्द हाये.

टाक बी तिच्याच सामानात ठेव. आपल्या कपड्यात तिले बरं वाटन.

जमुनाले काही सांगू नको. ते फुकट फिकीर करते.

तुही आई


ओस्लो विमानतळ,
१५ नोव्हेंबर

आई,

हा कागद मी वहीतून फाडून लिहितेय. फोटो काढून धर्मेंद्रभाऊंना पाठवते. त्यांनी तो लगेच, हातातलं काम टाकून, तुम्हाला दाखवावा. आणि तुमचं उत्तरही लगेच हवंय.

तुमचं ऐकलं मी. तुमचं ते वाक्य वाचल्यावर दुसरी बॅग घ्यायला पाय वळलेच नाहीत. नागपूरला आत शिरण्याआधी टाक काढला, तुम्ही सांगितलं तसा तांदळात बांधून आतल्या खिशात ठेवला. मशीन वाजलं नाही. मंगळसूत्रालाही नाही वाजलं. माझ्यापुढच्या बाईच्या गळ्यात तर केवढा देवीचा टाक होता, ती तशीच गेली आरपार. म्हणजे काढायची गरजच नव्हती, आई.

नागपूरला बॅगेचं वजन सात. ठीक. दिल्लीला दुसऱ्या कंपनीच्या काट्यावर आठ. मी तोवर पाण्याची बाटलीसुद्धा घातली नव्हती. काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, "मॅडम, एकदम नियमात." तिसऱ्या कंपनीला दहा, आणि पिंजऱ्यात अशी अलगद बसली जशी त्याच्यासाठीच शिवली होती. ज्याचा जेवढा नियम, तेवढंच वजन. आता तुम्ही म्हणाल, ओलं फूल कोरडं फूल. मीही तेच म्हणत होते स्वतःला.

दिल्लीहून विमान खच्चून भरलेलं, पण माझ्या शेजारची एकच जागा रिकामी. हवाई सुंदरीनं येऊन त्या जागेचा पट्टा लावला, ओढून पाहिला, जसा माझा पाहिला तसाच. जेवणाचे दोन ट्रे ठेवून गेली. मी एक परत दिला तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच उद्धट.

आणि तिसऱ्या विमानाच्या दारात, आई, माझं तिकीट यंत्रावर धरलं तर तिथली बाई म्हणाली, "तुम्ही तर आधीच आत गेलात." मी म्हटलं, मी ही काय तुमच्यासमोर उभी आहे! तिनं पुन्हा धरलं, पुन्हा तेच. शेवटी यंत्राला शिव्या घालत सोडलं मला. माझ्या सीटवर जाऊन बसले, तर सीट गरम होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मघाशी रोहितचा फोन आला, तो म्हणाला, "तुझा आवाज कसा येतोय? ओळखीचा वाटतोय." ओळखीचा म्हणजे काय? बायको आहे मी त्याची! आणि फोन ठेवल्यावर मला आमच्या वलगावच्या घराचा रंग आठवेना. डोळे मिटून बसले, नाही आठवला. झेंडूच्या रोपाला पाणी कधी तोडायचं ते मात्र सगळं आठवतंय. आमच्याकडे फ्लॉवर आणि वांगी, मी जन्मात कधी झेंडू लावलेला नाही.

आता शेवटचं विमान. शिडीपाशी बॅग काढून घेतील, म्हणजे टाक माझ्यापासून लांब जाईल. मला तो आत्ताच्या आत्ता गळ्यात घालावासा वाटतोय. पण काढायला तुम्ही सांगितलं होतं, तर घालायलाही तुम्हीच सांगा, उगाच माझ्या हातून काही उलटं व्हायला नको. घालू ना? मला खूप भीती वाटतेय, आई.

हर्षा


अकोला,
१५ नोव्हेंबर

हर्षा,

कागद मिळाला. धर्मेंद्र म्हणते का तिले घालू दे, मी त्याले गप केलं. तू नको घालू. बॅगेतच राहू दे. काही होत नाही, प्रवासाचा थकवा हाये. बॅग त्यायच्या हातात देऊन दे अन् विमानात बस.

आई


नॉर्वे,
२ डिसेंबर

आई,

पोचली वो मी! कवाची पोचली, पण कागद लिवाले फुरसत कुठी. घर लावण्यातच दिवस चालले. इथं दुपारीच अंधार पडते, बाहेर बरफ असा का जसा पिंजलेला कापूस. थंडी लय हाये, पण सोटर बरोबर बसला अंगाले. बसनच नं, मीच त विणला होता.

शेवटच्या विमानात मले काट्यावर उभं केलं, मंग बॅग वेगळी तोलली. बॅगेत कायचंच वजन नाही, ते बाई हसून राह्यली, म्हणे रिकामी आणली काय?

रोहित घ्यायले आलता. मले पाह्यलं अन् तथीच रडाले लागला, साऱ्या लोकाईत. काही इचारलं नाही. एवढंच म्हणे, "किती उशीर केलास." मी म्हटलं, आली नं आता, चाल घरी. दोन दिवस तो माह्या मांगं मांगं फिरे, सैपाकघरात बी. आता बरा हाये. काल त्यानं भरीत मांगून घेतलं.

तुही आठवण येते. त्या दिशी मी झेंडूच्या वावरात लपली होती, आठवते काय? तू दुपारभर हाका मारत होती, अन् मी मुद्दाम ओ देली नाही. मंग तुले सापडली, तवा तू मारलं नाही. खाली बसून माह्या पायाले मिठी मारून रडली. अन् म्हटलं, तुह्या बापाले सांगू नको मी रडली म्हणून. मी आजलोग कोणाले सांगितलं नाही पाह्य.

कागद लिवजो.

तुही पोरगी


अकोला,
१६ डिसेंबर

कोण लिहून राह्यलं हे?

धर्मेंद्रले मी हा कागद वाचू देला नाही. ते वावरातली गोष्ट त्याले बी मालूम नाही, त्याच्या बापाले मरेलोग मालूम नव्हती. हर्षाले कोण सांगन? अन् हे अक्षर बी मी वळखतो, शाळेत असतानी याच अक्षरापायी तिले मी किती रागावली.

वर्षू. बाई. खरंच पोचली काय तू?

काय लिवू? जेवते काय नीट? डोक्यावर रुमाल बांधत जाय, तुले थंडी सोसत नाही. मी आज दिवसभर हार गुंफले अन् गाणं म्हटलं, सून इचारते, आत्याबाई, आज काय हाये? मी म्हटलं, काही नाही, माह्या पोरीचा कागद आला.

मले अजून लिव. रोज लिव.

आई


अकोला,
२१ डिसेंबर

वर्षू,

तुह्या उत्तराची वाट न पाहता लिवून राह्यली.

काल वलगावची जमुना आलती, हर्षाची माय. एकटी एसटीनं आली. पायरीवरच बसली, आत ये म्हटलं त येईना. पाणी देलं त हातातच धरून बसली. मले म्हणे, "बेबीताई, माही पोरगी फोनवर मले काकू म्हणते. मी म्हटलं, अवं हर्षा, मी आई, त ते म्हणे, हो काकू, बोला. तुमी तिले काय करायले सांगितलं? तुमाले कागद लिवे ते. मले फक्त एवढं सांगा का ते कुठी हाये."

मी खोटं बोलली. म्हटलं, परदेशात पोट्ट्या अशाच होतात. त ते माह्याकडे पाहतच राह्यली. शिकलेली नाही जमुना, पण मायचे डोये हायेत, तिले समजलं. जातानी माह्या पाया पडली. माह्या पाया! म्हणे, तुमाले मी पोरगी देली होती सांभाळाले.

वर्षू, तवापासून माह्या गळ्याखाली घास उतरत नाही. मी तुले मांगितलं होतं, रोज मांगितलं, देवासमोर मांगितलं. पण तिची मांगितली नव्हती. ते पोट्टी मले आई म्हणे. भ्याली तवा आपल्या मायले नाही, मले इचारलं तिनं.

आता मी सांगतो ते कर. मी तुही माय हावो, अन् माह्या तोंडानं हे निघून राह्यलं, आग लागो या तोंडाले. बॅगेतला टाक काढ. गळ्यात घाल. जे रीत हाये ते हाये. तुहा मान तुले, तिचा संसार तिले. तू माह्याजवळ सपनात येत जाय, मी वाट पाहीन. पण जमुनाची लेक जमुनाले दे.

माहं आयक, बाई. एवढं एक आयक.

आई


नॉर्वे,
६ जानेवारी २०२५

आई,

तुहा कागद वाचून मी पह्यले लय रडली. मंग म्हटलं, मायचा शबद मोडू नाही. बॅग उघडली, टाक काढला, आंघोळ केली, हळद-कुंकू वाह्यलं अन् गळ्यात घातला. तू म्हटलं तसंच, रीतीनं.

त्याच्यावरचं तोंड आता माहं राह्यलं नाही, हर्षाचं झालं. नाक-डोये नीट उमटले तिचे. भेलेली वाटते जराशी. तिले सवय होईन. मले बी वेळ लागला होता.

तू फिकीर करू नको. मी तिचा मान ठेवीन. पह्यला निवद तिले, सणाले नवी साडी पह्यले तिच्या नावानं, मंग मी नेसीन. बहीण हाये ते माही. हा टाक मी जीव हाये तोवर काढत नाही, आंघोळीले बी नाही. रोहितले बी सांगितलं, पह्यलीच्या मायले दुसरी लेकीसारखी लागते, आपल्यात असंच राह्यते. म्हणून आता जमुनाबाई माही बी माय. मी तिले काकू नाही म्हणत आता, आई म्हणतो. उन्हाळ्यात आली का वलगावले चार दिवस राहीन, तिची ओटी घेईन. तिले सांगजो, कागद लिवत जाईन म्हणून.

अन् तू रडतं काहून, आई? मी तुहं सारं त आयकलं. ते पोट्टी विमानात चढायच्या आधी इचारत होती, घालू काय म्हणून. मी तिच्या बाजूलेच बसली होती, तुहं उत्तर यायची वाट पाहत. तू घाल म्हटलं असतं त मी वापस आली असती.

तुही,
वर्षाली